साठवणीतील सीडी का वाचली जात नाही? कारणे, तपासणी व उपाय

रब्बी ज्वारी हुरड्यावर आली की पाखरांचा उपद्रव वाढतो. गोफण घेऊन मचाणावर बसणारा माणूस आता सहसा मिळत नाही. त्यामुळे अनेक शेतकरी पिकात दोऱ्या ताणून त्यांना जुन्या सीडी टांगतात. वाऱ्याने सीडी हलते, उन्हात चमकते आणि पाखरे काही दिवस बुजतात.

मंगळवेढा भागातील एका शिवारफेरीत अशाच एका सीडीवर शाईने लिहिलेले शब्द वाचायला मिळाले : "माती व विहीर पाणी, २००४ ते २००९". मालकाकडे चौकशी केली. ते म्हणाले, "ती कधीच बंद पडली, सर. कॉम्प्युटरमध्ये टाकली की नुसती फिरते. म्हटलं, पाखरं तरी हाकील."

त्या नोंदी त्यांच्या थोरल्या भावाने केल्या होत्या. ते आज हयात नाहीत. ज्या जमिनीच्या नोंदी होत्या, तिच्या खोलगट भागात आता उन्हाळ्यात पांढरे क्षार दिसू लागले आहेत. क्षार कधीपासून वाढले आणि विहिरीचे पाणी आधीपासूनच खारट होते का, हे ठरविण्यासाठी त्या सहा वर्षांच्या अहवालांचा मोठा उपयोग झाला असता. मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या माती परीक्षणाच्या नोंदी बहुधा शेतकऱ्याकडे असतील तेवढ्याच.

घरच्या ट्रंकेत आणखी आठ सीडी निघाल्या. त्यांपैकी तीन त्यांच्या मते "बंद" होत्या. महाविद्यालयात आणून तपासल्यावर त्या तिन्हींपैकी एक पूर्ण वाचली गेली, एक निम्मी वाचली गेली आणि एक अजिबात नाही. उरलेल्या पाच तर सुस्थितीतच होत्या. शेतात टांगलेली सीडी मात्र कोणत्याही यंत्राने ओळखली नाही. टांगण्यापूर्वी ती वाचता आली असती की नाही, हे आता सांगता येत नाही.

साधारण २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत अनेक घरांत सीडी व डीव्हीडी राईट करून ठेवण्याची पद्धत होती. ठिबक संचाचे आराखडे, मोजणीचे नकाशे, बागेच्या फवारणीच्या नोंदी, लग्नाचे चित्रीकरण अशा अनेक गोष्टी त्यावर आहेत. अशी सीडी "बंद" झाली असे वाटल्यास ती फेकण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

घरी राईट केलेल्या सीडीची रचना

सीडीचा व्यास १२० मि.मी. व जाडी १.२ मि.मी. असते. यातील जवळजवळ सर्व जाडी पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते. त्यावर रंगद्रव्याचा अतिशय पातळ थर, त्यावर चांदीचा (काही महागड्या सीडीत सोन्याचा) परावर्तक थर, त्यावर संरक्षक लेप व सर्वात वर लेबल असते.

कारखान्यात छापलेल्या गाण्यांच्या सीडीत माहितीचे सूक्ष्म खळगे प्लॅस्टिकमध्येच साच्याने दाबलेले असतात. घरी राईट केलेल्या सीडीत असे खळगे नसतात. लेसर किरणाच्या उष्णतेने रंगद्रव्यावर ठिपके उमटविले जातात व तीच आपली माहिती. म्हणून विकतची गाण्यांची सीडी वीस वर्षांनी चालते आणि त्याच खणातील घरची सीडी चालत नाही, हा अनुभव येतो. पुन्हा पुन्हा पुसून वापरता येणाऱ्या आरडब्ल्यू प्रकारच्या सीडी तर त्याहूनही कमी भरवशाच्या समजाव्यात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण सीडीची चमकदार बाजू जपतो, परंतु माहितीचा थर लेबलाच्या बाजूला, अगदी वरच्या लेपाखाली असतो. चमकदार बाजूवरील ओरखडा प्लॅस्टिकवर पडतो. लेबलाच्या बाजूचा खोल ओरखडा थेट माहितीवर पडतो व तो दुरुस्त होत नाही. डीव्हीडीत ०.६ मि.मी.च्या दोन चकत्या चिकटविलेल्या असून माहितीचा थर मध्यभागी असतो. त्यामुळे तिची लेबलाची बाजू तुलनेने सुरक्षित असते, पण सांधा उकलण्याचा धोका असतो.

बिघाड अचानक का दिसतो?

सीडीवर माहितीबरोबर चूकदुरुस्तीचे जादा आकडेही लिहिलेले असतात. थोडे ठिपके पुसट झाले तरी यंत्र या आकड्यांवरून मूळ माहिती जुळविते. यामुळे सीडी आतून खराब होत असतानाही बाहेरून ठीक वाटते. चुका दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेल्या की ती एकाएकी बंद पडल्यासारखी वाटते.

बियाण्याचेही असेच असते. साठवणीत बियाण्याचा जोम आधी कमी होतो, उगवणशक्ती नंतर घटते. उगवण घटल्याचे लक्षात येते तेव्हा बियाणे आतून बरेच दिवस खालावत असते. म्हणून पेरणीपूर्वी उगवण तपासणी करतात. सीडीचीही अधूनमधून तपासणी करणे हाच बिघाड वेळीच ओळखण्याचा मार्ग आहे.

बिघाडाची प्रमुख कारणे

१) उष्णता : पत्र्याच्या छताखालील माळा, खिडकीजवळचा कट्टा, उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा खण या जागी उन्हाळ्यात तापमान बरेच वाढते. उष्णतेने रंगद्रव्याचे विघटन वेगाने होते व सीडी वाकडीही होते.

२) सूर्यप्रकाश : रंगद्रव्याला प्रकाश सोसत नाही. चमकदार बाजूवर थेट ऊन पडत राहिल्यास काही दिवस ते काही आठवड्यांत सीडी निकामी होऊ शकते. हिरवट-निळसर छटेच्या सायनाइन रंगद्रव्याच्या सीडी प्रकाशाला जास्त नाजूक असतात. फिकट सोनेरी छटेच्या थॅलोसायनाइनच्या सीडी अधिक टिकाऊ असतात.

३) ओलावा : कडेने किंवा लेपाच्या भेगेतून आर्द्रता शिरल्यास परावर्तक थर खराब होतो. कोकणात व पावसाळी घाटभागात बुरशीही येते. बेलीझ या मध्य अमेरिकेतील देशातून आणलेल्या एका सीडीवर जिओट्रायकम प्रकारच्या बुरशीने थर खाल्ल्याचे स्पेनच्या शास्त्रज्ञांनी २००१ साली नोंदविले होते. या कुळातील बुरशीमुळे लिंबूवर्गीय फळांवर आंबट कूज हा रोग येतो, हे बागायतदारांना माहीत आहेच.

४) गंधक : हे कारण द्राक्ष बागायतदारांसाठी विशेष महत्त्वाचे आहे. भुरीच्या नियंत्रणासाठी गंधक वापरले जाते व पुष्कळदा औषधांच्या खोलीतच हिशेबाचे कपाट असते. गंधकामुळे चांदीचे दागिने काळवंडतात, तसाच सीडीतील चांदीचा थरही काळवंडतो. औषधांच्या खोलीत सीडी ठेवू नये.

५) हाताळणी : बोटांचा तेलकटपणा, धूळ, एकावर एक रचल्याने पडलेले ओरखडे, लेबलाच्या बाजूवर बॉलपेनने लिहिणे, कागदी स्टिकर चिकटविणे ही नेहमीची कारणे आहेत. स्टिकरमुळे तोल जाऊन सीडी थरथरते व त्याचा गोंद लेपाला अपाय करतो.

६) राईट करतानाचे दोष : हलक्या प्रतीची कोरी सीडी, सर्वाधिक वेगाने केलेले लेखन व लेखनानंतर पडताळणी न करणे. अशी सीडी पहिल्या दिवसापासूनच अशक्त असते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी – दोष कोणाचा ते ठरवा : संशयित सीडी बाजूला ठेवून यंत्रात एक खात्रीची विकतची सीडी व एक खात्रीची घरी राईट केलेली सीडी घालून पाहावी. दोन्ही चालत नसल्यास दोष ड्राइव्हचा आहे. विकतची चालते व घरची चालत नाही, असे असल्यास ड्राइव्हची भिंग-पट्टी मळलेली किंवा लेसर क्षीण झालेला असण्याची शक्यता आहे. गावाकडे धुळीमुळे हा दोष फार आढळतो. सीडीच्या ड्राइव्हमध्ये डीव्हीडी घातली नाही ना, हेही पाहावे. दोन्ही दिसायला सारख्याच असतात, पण सीडीसाठी ७८० नॅनोमीटर व डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो.

दुसरी पायरी – डोळ्यांनी पाहा : सीडी विजेच्या दिव्यासमोर धरावी. बारीक छिद्रांतून प्रकाश आरपार दिसत असल्यास तेथील परावर्तक थर गेलेला आहे. कडेने तपकिरी डाग, बुरशीचे जाळे, पापुद्रे किंवा वाक आहे का ते पाहावे. मधल्या छिद्रापासून निघालेली तडा गेलेली सीडी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नये. वेगवान ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. तडा गेलेली सीडी आत फुटून तुकडे होतात.

तिसरी पायरी – स्वच्छता : धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी, तोंडाने फुंकू नये. नंतर मऊ, स्वच्छ सुती कापडाने चमकदार बाजू मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसू नये. माहिती गोलाकार मार्गाने लिहिलेली असते. आडवा ओरखडा चूकदुरुस्तीत भरून निघतो, परंतु मार्गाच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती झाकतो. तेलकट डाग असल्यास स्वच्छ पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. पेट्रोल, थिनर, नखांचे रंग काढण्याचे द्रावण वापरू नये. त्याने प्लॅस्टिक धुरकट होते. टूथपेस्ट घासण्याचा उपाय बरेच जण सांगतात. त्याने प्लॅस्टिक खरवडले जाते व रंगद्रव्याचा दोष तर जात नाहीच. इतर सर्व उपाय होईपर्यंत तो करू नये. लेबलाची बाजू ओली करू नये.

चौथी पायरी – ड्राइव्ह बदला : प्रत्येक ड्राइव्हची भिंग व चुका दुरुस्त करण्याची क्षमता निराळी असते. एका ठिकाणी न चाललेली सीडी दुसऱ्या ठिकाणी चालते, हा अनुभव नेहमीचा आहे. ज्या यंत्रावर सीडी राईट केली ते यंत्र उपलब्ध असल्यास प्रथम तेथे पाहावी. नसल्यास निदान दोन-तीन वेगवेगळ्या बनावटींचे डीव्हीडी रायटर वापरून पाहावेत. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ड्राइव्ह नसते. यूएसबीला जोडता येणारी बाह्य ड्राइव्ह मिळते, ती गावात चार-पाच जणांनी मिळून घेतली तरी चालते. शक्य असल्यास वाचनाचा वेग कमी ठेवावा.

पाचवी पायरी – वाचले तेवढे आधी उतरवा : सीडी एकदा उघडली की फोटो पाहत बसू नये. जे वाचता येते ते लगेच संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवावे. पुढच्या वेळी ती उघडेलच असे नाही. नेहमीच्या पद्धतीने प्रत काढताना एखादी फाइल अडली की सर्व काम थांबते. अशा वेळी डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते खराब भाग ओलांडून चांगला भाग आधी उतरविते व कोणता भाग राहिला याची नोंद ठेवते. तीच नोंद वापरून सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेला भाग पुन्हा वाचता येतो. लग्नाच्या व्हीसीडीसाठी आयसोबस्टरसारखे सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे. व्हीसीडीच्या चित्रीकरणात चूकदुरुस्तीचा एक थर कमी असतो, म्हणून तेवढ्याच ओरखड्याने तिचे चित्र लवकर फुटते.

लक्षणावरून निदान

१) सीडी फिरते, पण यंत्र "डिस्क घाला" असे सांगते : मधल्या भागातील सुरुवातीची माहिती वाचली जात नाही. स्वच्छता करून ड्राइव्ह बदलावी. रंगद्रव्य उडाले असल्यास उपाय नाही.

२) फाइलींची यादी दिसते, पण शेवटच्या फाइली उघडत नाहीत : सीडीवर लेखन आतून सुरू होऊन बाहेर जाते. कडेचा भाग हाताळणी व ओलाव्याने आधी खराब होतो. आतल्या फाइली त्वरित उतरवून घ्याव्यात.

३) एका संगणकावर चालते, दुसऱ्यावर कोरी दिसते : राईट करताना सीडी शेवटी बंद, म्हणजे फायनलाइज, केलेली नसावी किंवा पेन ड्राइव्हप्रमाणे फाइली टाकण्याच्या पद्धतीने ती लिहिलेली असावी. मूळ संगणकावर किंवा तेच सॉफ्टवेअर असलेल्या संगणकावर उघडावी. यात माहिती सहसा शाबूत असते. "कोरीच आहे" असे समजून तिच्यावर पुन्हा राईट करू नये.

४) वेगवेगळ्या वेळी टाकलेल्या फाइलींपैकी शेवटच्याच दिसतात : प्रत्येक वेळचे लेखन हे स्वतंत्र सत्र असते. जुनी सत्रे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पाहता येतात.

५) फाइल उघडते, पण मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसतात : सीडी उत्तम आहे. मजकूर श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. तो फाँट संगणकात टाकावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. मंगळवेढ्याच्या ज्या तीन सीडी "बंद" समजल्या होत्या, त्यांतील पूर्ण वाचली गेलेली सीडी नेमकी याच कारणाने बाजूला पडली होती.

साठवणीत घ्यावयाची काळजी

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत सीडीसाठी ४ ते २० अंश सें. तापमान व २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता सुचविली आहे. आपल्याकडील घरात हे वर्षभर साधणे अवघड आहे. म्हणून निदान पुढील गोष्टी कराव्यात.

१) घरातील आतल्या भिंतीचे, जमिनीलगतचे, अंधारे व कोरडे कपाट निवडावे. माळा, स्वयंपाकघर व खत-औषधांची खोली टाळावी.

२) प्रत्येक सीडी स्वतंत्र कडक प्लॅस्टिक डबीत उभी ठेवावी. मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये दीर्घकाळ ठेवल्यास सीडी पाकिटाला चिकटते.

३) डब्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात व पावसाळ्यानंतर त्या बदलाव्यात.

४) फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते. थंड जागेतून आणलेली सीडी खोलीच्या तापमानाला आल्यावरच ड्राइव्हमध्ये घालावी.

५) नाव लिहायचे असल्यास पाण्यातील शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक भागावर लिहावे. आधी चिकटविलेला स्टिकर ओढून काढू नये, त्याबरोबर परावर्तक थरही निघतो.

माहिती सीडीवरून बाहेर काढा

साठवण कितीही चांगली केली तरी जुन्या सीडीचे आयुष्य वाढविण्यापेक्षा तिच्यावरील माहिती काढून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. सर्व काम एका दिवसात होणार नाही, म्हणून क्रम ठरवावा. जे पुन्हा मिळू शकते ते शेवटी घ्यावे. सातबारा आता डिजिटल स्वाक्षरीसह संकेतस्थळावरून मिळतो, पण तुमच्या विहिरीच्या पाण्याचा २००५ सालचा अहवाल, जुन्या पाइपलाइनचा नकाशा, घरातील गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा मिळणार नाही. त्या सीडी प्रथम हाती घ्याव्यात.

उतरविलेल्या माहितीच्या किमान दोन प्रती कराव्यात : एक बाह्य हार्ड डिस्कवर व दुसरी वेगळ्या घरी किंवा इंटरनेटवरील साठवणीत. पेन ड्राइव्ह ही कायमची साठवण नाही, ती वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास तिच्यातील माहितीही जाऊ शकते. माती व पाण्याच्या अहवालांची कागदी छपाई काढून शेताच्या फाइलला लावावी. कागद वाचायला कोणतेही यंत्र लागत नाही. दरवर्षी खरिपापूर्वी बियाण्याची उगवण तपासतो, त्याच आठवड्यात या प्रती उघडून पाहण्याची सवय ठेवावी.

मंगळवेढ्याच्या त्या शेतकऱ्याला २००९ नंतरचे अहवाल मिळाले, त्या आधीचे मिळाले नाहीत. त्यामुळे क्षार कोणत्या वर्षी वाढू लागले हे आज सांगता येत नाही. निचऱ्याची चर कोठे काढावी हे आता नव्याने माती व पाणी तपासून ठरवावे लागत आहे.

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, पाखरे हाकण्यासाठी सीडी जरूर टांगाव्यात. मात्र टांगण्यापूर्वी प्रत्येक सीडी निदान दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचावे.